मेजावरची पलटण

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने आपल्या आत्मवृत्तात पतीविषयी जे अनेक कटू प्रसंग नमूद करून ठेवले आहेत, त्यांत एका उंदराच्या फाशीचाही प्रसंग आहे. पुढे तिसरा पीटर म्हणून अल्पकाळ सिंहासनावर बसलेला हा राजपुत्र त्या वेळी विवाहित गृहस्थ होता. परंतु लाकूड, शिसे, मेण आणि खळ यांच्या शिपायांची जी फौज त्याने मेजांवर मांडून ठेवली होती, तिच्या कवाइतीपुढे त्याला संसाराची वा राज्याची फारशी मातब्बरी वाटत नसे. एके दिवशी कॅथरीन त्याच्या दालनात गेली, तो तिला एक भला मोठा उंदीर रीतसर फासावर लटकलेला दिसला; चौकशी करता समजले की, या गुन्हेगाराने पुठ्ठ्याच्या किल्ल्याचा तट ओलांडून खळीचे दोन पहारेकरी खाऊन टाकले, सबब लष्करी कायद्याबरहुकूम त्यास देहदंड झाला असून, इतरांस जरब बसावी म्हणून प्रेत तीन दिवस तसेच टांगून ठेवावयाचे आहे. कॅथरीनला हसू आवरेना, आणि पीटरला ते हसणे सोसवेना.

प्रौढ माणसाच्या हाती खेळण्यातला शिपाई दिसला की पाहणाऱ्याच्या मुद्रेवर कॅथरीनचेच हसू उमटते, आणि या छंदाचे उपासक त्याला आता सरावलेही आहेत. युरोप-अमेरिकेत, आणि अलीकडे इतरत्रही, असे हजारो लोक आहेत की जे दिवसभर कचेरीतले कागद हातावेगळे करून घरी आल्यावर, रात्रीच्या जेवणानंतर दिव्याखाली एक जाड कापड अंथरतात, आणि बोटाच्या दोन पेरांहूनही ठेंगण्या धातूच्या शिपायाच्या अंगरख्याला योग्य तो लाल रंग कोणता, या विचारात दोन तास घालवतात. त्यांच्यापैकी कोणी उंदरावर खटला भरत नाही. त्यांच्या व्यासंगात जी इतिहासदृष्टी मुरत जाते, ती मात्र लढायांच्या जाडजूड ग्रंथांतून क्वचितच लाभते, असे माझे मत आहे. आणि या प्रकरणाचा विषय तोच आहे.

या शिपायांचे खरे माहेर जर्मनीतले न्यूरेंबर्ग. कथलाची भांडी आणि खेळणी करणाऱ्या कारागिरांच्या त्या नगरात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट या ओतकामाच्या उस्तादाने कथलाचे चपटे शिपाई घडवावयास प्रारंभ केला, आणि फ्रेडरिक द ग्रेट याच्या विजयांनी सारा जर्मन मुलूख भारून गेलेला असल्यामुळे त्या शिपायांना गिऱ्हाइकांची वाण पडली नाही. पाटीच्या दगडाच्या दोन तुकड्यांवर आकृतीच्या दोन बाजू उलट्या कोरावयाच्या, ते तुकडे घट्ट जुळवावयाचे आणि मधल्या पोकळीत कथील-शिशाचा रस ओतावयाचा, अशी ही कृती. तीतून जो शिपाई निघे तो जाडीला जेमतेम एखादा मिलिमीटर भरे, पण बाजूने पाहिला असता त्याच्या बटणांची ओळसुद्धा मोजता येई. पुढे १८३९ साली त्याच शहरात अर्न्स्ट हाइनरिक्सन याने कारखाना घातला आणि शिपायाची उंची सुमारे ३० मिलिमीटर असावी हा दंडक रूढ केला, त्यामुळे निरनिराळ्या पेट्यांतल्या फौजा एकमेकींसमोर उभ्या करता येऊ लागल्या. हान्स अँडरसनच्या १८३८ सालच्या कथेतला एका पायाचा शिपाई हा याच कुळातला: कथलाच्या एका जुन्या चमच्यातून पंचवीस भाऊ ओतले गेले आणि शेवटच्याच्या वेळी कथील पुरले नाही. आज अशा चपट्या शिपायांचे सर्वांत मोठे संग्रहालय बव्हेरियातील कुल्मबाख गावी, प्लासेनबुर्ग किल्ल्यात आहे.

चपट्या शिपायाने रंगाऱ्यांना एक गोष्ट शिकवली, ती पुढे फार उपयोगी पडली. त्याच्या अंगाला गोलाई मुळातच नाही. ती जर दिसावयाची असेल तर चित्रकार ज्याप्रमाणे कापडावर छायाप्रकाशाने उठाव निर्माण करतो त्याचप्रमाणे रंगाऱ्याने ती कुंचल्याने उत्पन्न करावयास हवी. कारखान्यांतून आणि घरोघरी मजुरीवर हे रंगकाम करणाऱ्या बायकामुलांना तेवढी सवड कोठली? त्यांनी ठरावीक रंगांचे ठरावीक ठिपके दिले आणि पेट्या भरल्या. परंतु हौशी माणसांनी हेच शिपाई कोरे विकत घेऊन सावकाशीने रंगवले, तेव्हा त्यांतून प्रतिमा नव्हे, चक्क चित्रे निर्माण झाली.

भरीव, गोल अंगाचे शिपाई फ्रान्समध्ये होत असत. पण ते वजनदार आणि महाग असल्यामुळे श्रीमंतांच्याच घरी दिसत. ही मक्तेदारी मोडली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या पेढीने, १८९३ साली, आणि तीही एका हातचलाखीने. वितळलेला रस थंड साच्यात पडला की भिंतींना टेकलेला थर क्षणार्धात थिजतो, मात्र गाभा पातळच असतो. नेमक्या त्या क्षणी साचा उलटा करून आतला रस एका छिद्रावाटे ओतून काढला की पोकळ शिपाई हाती राहतो, धातू वाचते, वजन घटते, टपालखर्च घटतो आणि किंमत मध्यमवर्गीय बापाच्या आवाक्यात येते. साचा उलटा करण्यास पळभर उशीर झाला तर शिपाई भरीव होऊन नफा बुडाला, पळभर घाई झाली तर त्याची पाठ फुटली. सारी कला मनगटात. ५४ मिलिमीटर उंचीचे हे शिपाई पाहता पाहता साऱ्या ब्रिटिश साम्राज्यभर पसरले, आणि त्यांच्या यादीत हायलँडर आणि लाइफ गार्ड यांच्याबरोबरच मद्रासच्या नेटिव्ह पायदळाला आणि बॉम्बे लान्सर्सच्या घोडेस्वारांनाही स्थान मिळाले. जिच्यात मराठी मुलखातली माणसे भरती होत, त्या मुंबई इलाख्याच्या फौजेची आठवण लंडनच्या एखाद्या पोराच्या बिछान्याखालच्या पेटीत अशी जाऊन पोचली होती.

त्या पोरांत पुढे नावारूपास आलेली माणसे थोडी नाहीत. हॉवर्थच्या धर्मोपदेशकाने १८२६ साली मुलग्यासाठी लीड्सहून लाकडी शिपायांची पेटी आणली, तीतला एक शार्लट ब्राँटी हिने उचलला आणि त्याचे नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टन ठेवले; त्या शिपायांभोवती चारही भावंडांनी जी काल्पनिक राज्ये रचली, त्यांतच ब्राँटी भगिनींच्या लेखणीची पहिली उमेदवारी झाली. विन्स्टन चर्चिलपाशी दीड हजारांच्या घरात शिपाई होते, आणि एकदा वडिलांनी ती मांडणी वीस मिनिटे न्याहाळून सैन्यात जाण्याची इच्छा आहे काय असा प्रश्न केला, त्यावर दिलेल्या होकाराने आपल्या आयुष्याची दिशा ठरली असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. एच. जी. वेल्स याने तर १९१३ साली खोलीच्या जमिनीवर लढावयाच्या लुटुपुटीच्या युद्धांचे नियम सांगणारे एक पुस्तकच प्रसिद्ध केले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती शहाणपणाचे, हेही त्यात आवर्जून सांगितले. लगेच पुढच्याच वर्षी युरोपच्या सत्ताधीशांनी त्याचा सल्ला धुडकावला.

१९६० नंतर हा सारा मामला पोरांच्या हातून निसटून बापांच्या हाती गेला. एअरफिक्सच्या प्लॅस्टिकच्या पेट्यांनी शिपाई कवडीमोल केले, डॉनल्ड फेदरस्टोनच्या १९६२ सालच्या पुस्तकाने मेजावरच्या लढाईला प्रौढांचा दर्जा मिळवून दिला, १९६६ पासून ब्रिटनमध्ये शिशाची खेळणी बंद झाली, आणि इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या परिसरात लहानमोठ्या ओतशाळांची एक वसाहतच उभी राहिली, जेथून आज नेपोलियनकालीन युद्धांपासून पानिपतापर्यंत हव्या त्या काळाची फौज, अर्थात कोरी, विकत मिळते. रंग ज्याचा त्याने द्यावयाचा.

आता खऱ्या कामाकडे वळू. आपण असे समजू की, वॉटर्लूच्या रणांगणावरील एका ब्रिटिश पायदळ शिपायाचा पुतळा आपल्या हाती आला आहे. त्याची उंची २८ मिलिमीटर. आणि ही उंची तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजावयाची, कारण शिरस्त्राणे निरनिराळ्या उंचीची असल्यामुळे डोक्याचे माप कामाचे नाही. प्रथम साच्याच्या दोन अर्धांची सांध कानशीने घासून काढावयाची, ती राहिली तर रंग दिल्यावर शिपायाच्या गालावरून व्रण गेल्यासारखी दिसते. नंतर त्याला साबणाच्या पाण्याने धुऊन औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवावयाचे, म्हणजे रंगवताना बोटे झाकणाला लागतील, शिपायाला लागणार नाहीत. मग अस्तराचा हात: कोणी पांढरा देतो, कोणी काळा, आणि या दोन पंथांत शैव-वैष्णवांइतके जुने वैर आहे. मी काळ्या पंथाचा. जेथे कुंचला पोचत नाही तेथे आपोआप सावली राहते, आणि आळशी माणसाला याहून अधिक काय हवे?

आणि येथेच या कलेतले मर्म येते. खऱ्या माणसाच्या अंगावर आकाशातून प्रकाश पडतो तेव्हा टोपीच्या पुढाराखाली, काखेत, अंगरख्याच्या चुण्यांत सावल्या साचतात, आणि त्यांवरून आपला डोळा त्याचा आकार ओळखतो. हाच माणूस साठपट लहान केला की चुण्या इतक्या उथळ होतात की दिव्याचा उजेड त्यांत सर्वत्र पोचतो, सावली पडतच नाही. परिणामी जो रंग खऱ्या अंगरख्याचा, तोच हुबेहूब पुतळ्याला दिला तर पुतळा निर्जीव, सपाट आणि खोटा दिसतो. म्हणून रंगाऱ्याला सावलीही रंगवावी लागते आणि प्रकाशही. मूळ लाल रंगाचा हात वाळला की गडद तपकिरी रंग पुष्कळ पाणी घालून वरून सोडावयाचा. तो आपल्याच ओढीने खाचांत उतरतो आणि उंचवट्यांवरून ओसरतो. मग उजळ केलेला लाल रंग खांद्यांवर, कोपरावर, चुण्यांच्या कडांवर. मापांचेही तसेच. अंगरख्याची ३ मिलिमीटरची किनार साठपट लहान केली तर ती एक विसांश मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी, होईल. ती कोणाला रंगवता येत नाही आणि रंगवली तरी कोणाला दिसत नाही, म्हणून ती जाणूनबुजून चौपट रुंद काढावयाची. सत्य दिसावे म्हणून ते फुगवावे लागते, हे तत्त्व ऐकावयास धोक्याचे आहे खरे, पण इतिहासाच्या प्रत्येक लोकप्रिय ग्रंथाला ते थोड्याफार प्रमाणात पाळावेच लागते.

पांढरा आणि काळा हे दोन रंग नवशिक्याचे वैरी. शिपायाच्या छातीवरून फुलीसारखे जाणारे दोन पांढरे पट्टे शुद्ध पांढऱ्याने रंगवले की ते खडूने ओढल्यासारखे दिसतात; म्हणून आधी मळकट करडा, त्यावर साईचा रंग, आणि शुद्ध पांढरा केवळ वरच्या कडेला, तोही श्वास रोखून. पाठीवरचे काळे बोचके व काडतुसांची पेटी यांना निखळ काळा रंग दिला तर तेथे भोक पडल्याचा भास होतो. त्यांच्या कडा निळसर करड्याने उजळल्या की कातडे व रोगण दिलेले कापड दिसू लागते. पाण्याचा लाकडी बुधला फिकट निळा, भाकरीची झोळी मळकट पांढरी, बंदुकीच्या नळीला पोलाद, तिच्या कड्यांना पितळ. चेहऱ्याचे मात्र निराळे: तपकिरीपासून आरंभ करून नाक, गाल, हनुवटी आणि खालचा ओठ एवढेच उजळावयाचे. डोळे काढावेत की नाही हा वाद न मिटणारा आहे. हातभर अंतरावरच्या पुतळ्याकडे पाहणे म्हणजे जवळजवळ पन्नास-साठ हातांवरच्या माणसाकडे पाहणे, आणि तेवढ्यावरून माणसाचे डोळे दिसत नाहीत, भुवईखालची सावली दिसते. तरीही लोक बुबुळे काढतात आणि सारी पलटण भूत पाहिल्यासारखी टकमक बघत राहते.

या सगळ्याला साधन म्हणून लागतो तो कुंचला, आणि त्याविषयी एक सार्वत्रिक गैरसमज आहे. बारीक काम म्हणजे बारीक कुंचला, असे समजून नवखा माणूस चार केसांचा कुंचला आणतो. त्यात रंग राहतच नाही, आणि पुतळ्यापर्यंत पोचेतो टोकावर वाळून जातो. हवा तो पोट भरलेला पण टोक सुईसारखे मिळणारा कुंचला. सायबेरियाकडील कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असे कुंचले उत्तम ठरतात, आणि त्यांच्यातले सर्वांत नावाजलेले घराणे म्हणजे विन्सर अँड न्यूटनची ‘सीरीज सेव्हन’, जी १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी म्हणून घडवण्यात आली. आपल्याकडच्या लघुचित्रकारांनी खारीच्या शेपटीच्या केसांवर हेच काम शतकानुशतके भागवले. रंग दुधाइतका पातळ ठेवावा आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यावेत, एवढे पथ्य सांभाळले की अर्धी लढाई जिंकली. जिभेने कुंचल्याला टोक आणण्याची सवय मात्र ज्याला असेल त्याने ती सोडावी. सगळेच रंग पोटात जाण्याजोगे नसतात.

एकटा शिपाई रंगवणे ही चैन आहे; पलटण रंगवावयाची तर पद्धत बदलावी लागते. खऱ्या पलटणीत पाच-सहाशे माणसे असत, मेजावर त्यांच्या जागी चोवीस वा छत्तीस पुतळे उभे राहतात, म्हणजे साधारण वीस शिपायांमागे एक प्रतिनिधी असा हिशेब. त्या चोवीस जणांना ओळीने मांडून एका बैठकीत सर्वांचे अंगरखे, दुसऱ्या बैठकीत सर्वांच्या विजारी, तिसऱ्या बैठकीत पट्टे, अशी कारखानदारी करावी लागते, आणि तीत एक विलक्षण समाधान आहे हे ज्याने केले त्यालाच कळते. लष्कराने या माणसांना एकसारखे करण्यासाठी अपार खटाटोप केला. कुंचला हाती घेणारा तो खटाटोप पुन्हा करतो, आणि पट्ट्यांच्या अठराव्या जोडीवर आला असता त्याच्या ध्यानात येते की, हे पांढरे पट्टे रोज रात्री पांढऱ्या मातीने घासून स्वच्छ करणारा एक प्रत्यक्ष माणूस होता आणि त्यालाही हा कंटाळा आला असेल.

तपशिलाची चौकशी सुरू झाली की हा छंद माणसाला कापडबाजारात नेऊन सोडतो. ब्रिटिश शिपायाचा अंगरखा लाल, हे शाळकरी पोरही सांगेल. पण कोणता लाल? साध्या शिपायाचे जाडेभरडे कापड आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडर या वनस्पतीच्या मुळ्यांनी रंगवलेले असे, आणि उन्हापावसात ते विटकरीकडे झुकत जाई. अधिकारी आपल्या खर्चाने कपडे शिवून घेत, आणि त्यांचे तलम कापड निवडुंगावरच्या कोचिनील किड्यापासून निघणाऱ्या झळझळीत शेंदरी रंगाचे असे. म्हणून जाणता रंगारी शिपायांना मळका लाल आणि कप्तानाला उजळ लाल देतो, आणि एका कुंचल्याच्या फरकाने त्या फौजेतली वर्गव्यवस्था मेजावर उभी राहते. कॉलर आणि मनगटपट्ट्या यांचे रंग पलटणीगणिक निराळे: ज्या तेहेतिसाव्या पलटणीचा कर्नल म्हणून आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, हिंदुस्थानात आला तिच्या लाल, एकोणसत्तराव्या पलटणीच्या हिरव्या, राजनामांकित पलटणींच्या निळ्या.

निळीची कथा तर याहून नवलाची आहे. नेपोलियनच्या पायदळाचा निळा अंगरखा निळीवाचून होत नसे, निळीचा पुरवठा समुद्रमार्गे होई, आणि समुद्र इंग्रजांच्या आरमाराच्या ताब्यात होता. तिकडे सँ दोमँग ही वसाहत फ्रान्सच्या हातून गेलेली आणि इकडे बंगालची नीळ कंपनी सरकारच्या गोदामांत. तेव्हा १८०६ साली नेपोलियनने हुकूम काढला की पायदळाने पुन्हा जुना पांढरा अंगरखा चढवावा, आणि काही पलटणींना तो मिळालाही. परंतु पांढऱ्या कापडावर चिखल आणि रक्त ही दोन्ही फार दिसतात, पोलंडमधल्या हिवाळी मोहिमेत याचा प्रत्यय आला, आणि १८०७ मध्येच हुकूम फिरवला गेला. १८०७ सालची फ्रेंच पलटण रंगवणाऱ्याने दोन-चार पुतळ्यांना पांढरे अंगरखे दिले तर जाणकार पाहुणा मान डोलावतो. आणि त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या मागे बिहार-बंगालच्या निळीच्या शेतांपर्यंत जाणारा एक लांबच लांब धागा आहे, याची जाणीव लढाईचा नकाशा पाहून कधीच होत नाही. हे रंगांचे राज्य विसाव्या शतकारंभी खाकीने खालसा केले. १९१४ च्या ऑगस्टात फ्रेंच पायदळ लाल विजारी घालून यंत्रतोफांपुढे गेले, आणि वर्षभरात फिकट निळ्या रंगात शिरले. त्यानंतरच्या फौजांत रंगाऱ्याला चिखलाच्या छटांखेरीज फारसे काम उरत नाही, म्हणून बहुतेक हौशी माणसे एकोणिसाव्या शतकाची वेस ओलांडावयास नाखूश असतात.

या विद्येचा सर्वांत थोर, आणि सर्वांत दुर्दैवी उपासक विल्यम सायबोर्न. वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती तयार करण्याची कामगिरी १८३० साली या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याकडे आली, तेव्हा तो प्रथम रणभूमीवरच्या ला हाए सँत या शेतवाडीत कित्येक महिने जाऊन राहिला, शेतांची चढउतार मोजली, कोणत्या तुकड्यात कोणते पीक उभे होते याची नोंद केली, आणि मग हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले की, सायंकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनच्या गार्ड पलटणींनी अखेरची चढाई केली त्या घटकेला, तुमची तुकडी नेमकी कोठे आणि कोणत्या रचनेत उभी होती. उत्तरांचा ढीग जमला. सरकारने मध्येच पैशाचा हात आखडता घेतला, सायबोर्नने कर्ज काढले, आणि १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये सुमारे पाऊण लाख कथली शिपायांचे ते रणांगण लोकांपुढे मांडले. शिपाई एकेक सेंटिमीटरचे, पण गणवेशांचे रंग पलटणीबरहुकूम.

आणि तेथेच घात झाला. सायबोर्नने पुराव्यावरून निर्णायक घटकेला प्रशियन सैन्य रणांगणात पुष्कळ पुढे आलेले दाखवले होते. म्हणजे विजयाचा मोठा वाटा त्यांचा, असा अर्थ कोणीही काढला असता. खुद्द वेलिंग्टनला ही मांडणी मान्य नव्हती, वरिष्ठांच्या वर्तुळातून दडपण आले, आणि अखेरीस प्रतिकृतीतले प्रशियन कमी करण्यात आले. बोटाच्या टोकावर मावणाऱ्या कथलाच्या माणसांना ज्यांनी हलवावयास लावले त्यांना त्यांचे सामर्थ्य पुरते उमगले होते असे म्हटले पाहिजे. सायबोर्नच्या पदरी कर्ज राहिले आणि १८४९ मध्ये तो वारला. त्याने जमवलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्याच्या मुलाने १८९१ साली ग्रंथरूपाने छापली, आणि आज वॉटर्लूवर लिहिणारा कोणताही इतिहासकार त्या दफ्तरावाचून पाऊल टाकू शकत नाही. ती प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये पाहावयास मिळते.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही, कारण दिवाळीत अंगणात दगड-विटा रचून, वर गोणपाट टाकून आणि मातीचा गिलावा देऊन किल्ला ज्याने केला, त्यावर मोहरी नि अळीव पेरून हिरवळ उगवली, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर बसवले, त्याने या छंदाची पहिली इयत्ता केव्हाच ओलांडली आहे. त्या मावळ्यांचे रंगकाम भडक, आणि एकाच्याही भाल्याचे टोक सरळ नाही. पण सिंहासनावर महाराज, दरवाजावर पहारा, पायथ्याशी गाव आणि विहिरीवर बाई, ही जी मांडणीची अचूक जाण दहा वर्षांच्या पोरात असते, ती पाहून कुल्मबाखच्या संग्राहकानेही दाद दिली असती.

प्रौढांच्या मेजावर मराठी फौज उभी करावयाची तर मात्र सायबोर्नची पद्धत चालत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावापाशी, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी गाठ पडली. त्याची दीड हजारांहून अधिक माणसे जखमी झाली वा पडली, आणि म्हातारपणी आपली सर्वोत्तम लढाई कोणती असे कोणी विचारले असता त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, असे सांगतात. या लढाईचे पुतळे आज बाजारात आहेत. शिंद्यांच्या कवायती पायदळाला पोलमनसारखे युरोपीय सरदार होते, तेव्हा त्या पलटणी एकसारख्या रंगवल्या तर चालते. पण घोडदळाचे काय? मराठी स्वाराला गणवेशाचा कानून कधी नव्हताच. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे, शिलेदार घोडा आणि हत्यार आपले घेऊन येई, आणि अंगावर जे असेल ते ज्याच्या त्याच्या ऐपतीचे. म्हणून चोवीस शिलेदारांत दोन अंगरखे सारखे असता कामा नयेत: कोणाची बाराबंदी पांढरी, धुण्याने पिवळसर झालेली, कोणाचे पागोटे लाल तर कोणाचे किरमिजी, एखाद्या सधन सरदाराला रुईभरला जाड डगला, बाकीच्यांच्या पाठीवर कातडी ढाल आणि तिच्यावर पितळेची फुले. घोडे तर मुळीच सारखे नकोत. बारगिरांच्या रांगेत ते जरा धडधाकट दाखवावेत, शिलेदारांच्या रांगेत एखादे बरगड्या दिसणारे तट्टूही खपून जाते. ब्रिटिश पलटण रंगवण्यास जेवढ्या बैठका लागतात त्यांच्या दुपटीने या स्वारांना लागतात, कारण येथे कारखानदारी चालत नाही. परंतु ही फौज मेजावर उभी राहिली म्हणजे इतर सर्व फौजा तिच्यापुढे फिक्या पडतात, हे पक्षपाताचा आरोप पत्करूनही सांगावेसे वाटते.

रंगकाम संपले की रोगण. आधी चकचकीत रोगणाचा एक हात द्यावा, तो टणक असतो आणि हाताळणीत रंग वाचवतो. तो पुरता वाळल्यावर झळक घालवणाऱ्या मंद रोगणाचा दुसरा. हे दुसरे रोगण डब्यातून फवारण्याचे असेल तर मुंबई-कोकणच्या लोकांनी श्रावणात त्याच्या वाटेस जाऊ नये, कारण हवेतला दमटपणा त्यात अडकतो आणि महिनाभर खपून रंगवलेल्या पलटणीवर पांढुरके धुके बसते. कोरड्या दिवसाची वाट पाहावी, किंवा कुंचल्याने लावावयाचे रोगण घ्यावे. जुन्या शिशाच्या शिपायांचा संग्रह ज्याच्याकडे असेल त्याने त्यांना ओक लाकडाच्या कपाटात ठेवू नये. त्या लाकडातून आम्लाची सूक्ष्म वाफ सुटत राहते, बंद काचेआड ती साचते आणि शिशाला खाऊन त्याची पांढरी भुकटी करते. ती भुकटी विषारी असते, फुंकरीने उडवावयाची नसते, आणि एका शिपायावर दिसली की त्याला लगेच बाकीच्यांपासून वेगळे काढून उरलेल्यांना रोगण दिलेल्या पत्र्याच्या कपाटात हलवावे.